√१९ उलटं वाचलं तरी तेच! वर्गमुळांच्या साखळीचं काय गौडबंगाल आहे?

कोपरीकर (सोमवार, रात्री १०.५२)

मंडळी, गणित हा काही माझा प्रांत नाही. बी.कॉम. केलं, तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याचे हिशेब लिहितो. पण सकाळी ठाण्याहून बसायला जागा मिळाली की मोबाइलऐवजी वहीत आकडेमोड करायची खोड लागली आहे. (शेजारचे वहीत डोकावतात आणि जरा सरकून बसतात, हा अधिकचा फायदा.) त्यातून निघालेला प्रश्न.

कुठलंही वर्गमूळ घ्या. पूर्णांक भाग काढून बाजूला लिहा. उरलेल्याने १ ला भागा. आलेल्या उत्तराचा पुन्हा पूर्णांक काढा, पुन्हा उरलेल्याने १ ला भागा. असं करत राहायचं. याला कंटिन्यूड फ्रॅक्शन म्हणतात असं कळलं. मी आपलं साखळी म्हणतो, आणि एकेका आकड्याला कडी.

√७ म्हणजे २.६४५७. २ काढले. ०.६४५७ ने १ ला भागलं, १.५४८५ आले. १ काढला. पुढे १.८२२९, पुन्हा १. पुढे १.२१५३, पुन्हा १. पुढे ४.६४५७. त्यातले ४ काढले की उरतात ०.६४५७. अहो, इथूनच तर निघालो होतो! म्हणजे आता १, १, १, ४ हा फेरा कायमचा चालू.

मग २ पासून ३१ पर्यंत सगळी वर्गमुळं काढली (४, ९, १६, २५ सोडून). थोडी देतो:

√१३ : ३, १, १, १, १, ६
√१९ : ४, २, १, ३, १, २, ८
√२२ : ४, १, २, ४, २, १, ८
√३० : ५, २, १०
√३१ : ५, १, १, ३, ५, ३, १, १, १०

फेऱ्यातली शेवटची कडी नेहमी पहिल्या आकड्याच्या दुप्पट. ती झाकली तर उरलेलं डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखंच. हे असं का? आणि दुसरं म्हणजे, √३० चा फेरा दोन कड्यांत आटोपतो आणि शेजारच्या √३१ ला आठ लागतात, ही लांबी आधी सांगता येते का?

ता.क. √९४ ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये केलं. पहिला फेरा सोळा कड्यांचा, छान आला. दुसऱ्या फेऱ्यात भलतेच आकडे. नियम मोडला की एक्सेल?

अनारसा

मी पयली! आता वाचते.

वर्गमूळव्याध

इतकी वर्षं या आयडीने लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आज आयडी सार्थकी लागला. _/\_

ऐरोली_डाऊन

कोपरीकर, तुम्ही ज्या गाडीत बसून हे करता तीच तर ही साखळी आहे की. ठाण्याहून सुटली: दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. परत येताना सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे... दिघा गाव. शेवटी ठाणे. ठाणे म्हणजे तुमची ती दुप्पट कडी, गर्दी दुप्पट असतेच.

शून्याधारित

एक्सेल मोडलं, नियम नाही. एक्सेल साधारण १५ अंकांपर्यंतच अचूक असतं. दर वेळी उरलेल्या अपूर्णांकाने भागता तेव्हा शेपटीतली चूक फुगत जाते. √९४ च्या पहिल्या फेऱ्यापर्यंत ती दिसत नाही, दुसऱ्या फेऱ्यात थोडं आत शिरलं की तीच मालकीण होते. मी एकदा असाच प्रोग्राम लिहून "पुनरावृत्ती सापडत नाही" म्हणून रात्री दोनपर्यंत जागलो होतो. दशांश वापरायचेच नाहीत, हा उपाय. कसं ते मास्तर सांगतील, त्यांची वाट बघतोय.

अनारसा

वाचलं. तीनदा. √७ पर्यंत सगळं कळलं. पण याचा उपयोग काय?

झेरॉक्सवाला

ताई, मी सांगतो. कोर्ट नाक्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ए-फोरचं ए-थ्री करायला मशीनवर १४१ टक्के दाबतो, उलट करायला ७१. हा १.४१ म्हणजेच √२. ए-फोर कागद मधोमध दुमडला तरी त्याची लांबी-रुंदी त्याच प्रमाणात राहते, ते फक्त √२ मुळेच जमतं. वकिलांच्या लीगल कागदाला हे गणित लागू नाही, म्हणून रोज कुणाची तरी सही कापली जाते आणि बोलणी मी खातो.

कागदाचं माप २९७ बाय २१० मिलिमीटर. आता कोपरीकरांचा धागा वाचून कॅल्क्युलेटर घेतला. दोन्हीला ३ ने भाग जातो. ९९ बाय ७०. यात काही आहे का?

निवृत्त_मास्तर

झेरॉक्सवाले, तुम्ही नकळत वर्मावर बोट ठेवलंत. √२ ची साखळी १; २, २, २, २... अशी जाते. ती निरनिराळ्या कडीवर तोडली की १, ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७०, २३९/१६९, ५७७/४०८ असे अपूर्णांक मिळतात. तुमचा कागद हा त्यातला सहावा. ९९ चा वर्ग ९८०१, ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. फक्त १ चा फरक. आठवा अपूर्णांक तर बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे: १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४). बेरीज करून बघा, बरोबर ५७७/४०८ येते. वेदीचा कर्ण मापायला लागायचं ते.

आता कोपरीकरांचा प्रश्न. √१९ घ्या. वहीत तीन रकाने आखा: म, द, कडी. पहिली ओळ ०, १, ४. पुढची ओळ काढायची रीत अशी. नवा म = द × कडी − म. नवा द = १९ मधून नव्या म चा वर्ग वजा करून जुन्या द ने भागा. नवी कडी = (४ + नवा म) भागिले नवा द, बाकी सोडून द्यायची. सगळे पूर्णांक, दशांश चिन्ह कुठेच नाही.

म ०, द १, कडी ४
म ४, द ३, कडी २
म २, द ५, कडी १
म ३, द २, कडी ३
म ३, द ५, कडी १
म २, द ३, कडी २
म ४, द १, कडी ८

प्रत्येक ओळीत आपल्या हातातली संख्या असते (√१९ + म) ÷ द. आता बघा, म कधीच ४ च्या वर जात नाही आणि द कधीच ८ च्या वर जात नाही. म्हणजे म-द च्या जोड्या फार तर ४ × ८ = ३२. कधीतरी जुनी जोडी पुन्हा येणारच. फेरा का लागतो याचं उत्तर एवढंच. द पुन्हा १ झाला की हातात येतं √१९ + ४, त्याचा पूर्णांक ८. दुप्पट इथून येते.

आणि आरसा? या तक्त्यात खालून वर जायचा नियमही हाच आहे. दोन्ही टोकांना द = १, आणि सुरुवातीचा ० सोडला तर म = ४. सारख्या जागेवरून सारख्या नियमाने चाललं तर वाटही सारखीच लागणार. द चा रकाना वाचा: १, ३, ५, २, ५, ३, १.

हे उलटसुलट प्रकरण नीट सिद्ध केलं ते गाल्वा या फ्रेंच गणितीने, १८२९ साली, त्याच्या पहिल्याच छापील निबंधात. वय १७. फेरा लागतोच हे त्याआधी लाग्रांजने दाखवलं होतं.

वर्गमूळव्याध

१७ व्या वर्षी मी घंटाळीला क्रिकेट खेळून काच फोडली होती. तेही माझं पहिलंच छापील काम, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर.

पिजनहोल_पीडित

मास्तर, "जोड्या मर्यादित, म्हणून पुन्हा येणारच" याला कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतात ना? घोडबंदर रोडला राहणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही. आमच्या डक्टमध्ये जाळी लावली तरी कबुतरं पुन्हा येतातच.

बारावी_ड

मी पण करून बघितलं. काही घराणी सापडली:

वर्गापेक्षा १ जास्त (२, ५, १०, १७) : एकाच कडीचा फेरा. √१७ : ४, ८
वर्गापेक्षा २ जास्त (६, ११, १८) : √१८ : ४, ४, ८
वर्गापेक्षा १ कमी (८, १५, २४) : √२४ : ४, १, ८
वर्गापेक्षा २ कमी (७, १४, २३, ३४) : √२३ : ४, १, ३, १, ८ आणि √३४ : ५, १, ४, १, १०
विषम वर्गापेक्षा ४ जास्त : √२९ : ५, २, १, १, २, १० मग √५३ : ७, ३, १, १, ३, १४ मग √८५ : ९, ४, १, १, ४, १८

शेवटचं घराणं मला सगळ्यात आवडलं. मधे दोन १ तसेच राहतात आणि बाजूचे एकेकाने वाढतात. पण वर्गापासून लांब गेलं की काहीच कळत नाही. √६१ तर वेडच आहे: ७, १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४. अकरा कड्या! √६० आणि √६२ ला चार-चारच.

सह्याद्रीपुत्र

६१! बाळ, तू नकळत भास्कराचार्यांच्या दारात येऊन उभा राहिलास. ११५० च्या बीजगणितात हाच आकडा आहे. क्ष² − ६१य² = १ हे पूर्णांकांत सोडवा (य शून्य नको). उत्तर क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८०. यापेक्षा लहान उत्तर नाहीच. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये फर्मा युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून हाच ६१ देतो. आणि नाव कुणाचं लागलं? पेलचं, ज्याचा काही संबंध नव्हता! सगळं आपल्याकडे होतं, आपणच विसरलो. कंटिन्यूड फ्रॅक्शन कसलं, चक्रवाल म्हणा, अशी समीकरणं सोडवायची आपली जुनी रीत.

बारावी_ड

काका, मी मुलगी आहे. :)

सह्याद्रीपुत्र

क्षमस्व गं ताई.

नेरूळ_पूर्व

सह्याद्रीपुत्र, अर्धं मान्य, अर्धं नाही. पेलचं नाव ऑयलरच्या चुकीने चिकटलं, उत्तर ब्राउंकरने काढलं होतं, हे खरं. पण "सगळं होतं" म्हटलं की जे खरंच होतं त्याचीही किंमत उरत नाही. आपल्याकडे या समीकरणाचं नाव वर्गप्रकृती. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने दोन उत्तरांतून तिसरं काढायची रीत दिली, तिला भावना म्हणतात. त्याचं एक उदाहरण ९२ चं: ११५१² − ९२ × १२०² = १. वर्षाच्या आत सोडवेल तो गणक, असं तो म्हणतो. चक्रवाल त्यानंतरचं, भास्कराच्याही आधी जयदेवाच्या नावावर सापडतं.

आणि चक्रवाल म्हणजे कोपरीकरांची साखळी नव्हे. ती अधिक धूर्त आहे. साखळी प्रत्येक कडीवर थांबते, चक्रवाल काही कड्या टाकून पुढे जातं. ६१ चं बघा. ८² − ६१ = ३. एक पाऊल पुढे: ३९² − ६१ × ५² = −४. झालं! −४ आला की ब्रह्मगुप्ताची भावना लावायची. पहिल्यांदा मिळतं २९७१८² − ६१ × ३८०५² = −१ आणि त्याची स्वतःशीच भावना केली की भास्कराचं उत्तर. हे २९७१८/३८०५ म्हणजे बारावी_ड च्या साखळीचा पहिला फेरा संपायच्या आधी तोडलेला अपूर्णांक. दोन वाटा एकाच तळ्यावर येतात. मात्र साखळीची वाट वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येला उत्तरापर्यंत पोचतेच याची सिद्धता लाग्रांजची. युरोपला चोर म्हणायचीही गरज नाही, बीजगणिताचं कोलब्रूकने केलेलं इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये आलं, तोवर हे सगळे गेलेही होते.

सह्याद्रीपुत्र

चोर मी म्हटलं नव्हतं. पण −४ ची गोष्ट माहीत नव्हती, धन्यवाद. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथला शिलालेख विचारा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा तो लेख आहे, १२०७ चा. सिद्धान्त, बीजगणित शिकवायला मठ! आता क्लासेस आहेत.

कोपरीकर (मंगळवार, रात्री ९.१५)

बापरे, एका दिवसात एवढं! मास्तर, आज गाडीत तुमचे तीन रकाने आखले. √९४ पहिल्या झटक्यात सुटलं: ९, १, २, ३, १, १, ५, १, ८, १, ५, १, १, ३, २, १, १८. ऐरोलीला सुरू केलं, घणसोलीला संपलं. एक्सेल माफ.

अनारसा

एक भाबडी शंका. पंचांगात अधिक महिना दर तीन वर्षांनी येतो, आणि एकोणीस वर्षांनी पुन्हा तोच महिना अधिक येतो म्हणतात. २००४ ला अधिक श्रावण होता आणि २०२३ ला पण. जावयाला दोन्ही वेळा अनारसे केले म्हणून पक्कं लक्षात आहे. हा पण तुमचा फेराच का?

नेरूळ_पूर्व

भाबडी कसली, झकास शंका आहे. एका सौर वर्षात साधारण १२.३६८३ चांद्रमास बसतात. त्याची साखळी १२; २, १, २, १, १, १७... अशी सुरू होते. मोठी कडी आली की तिच्या आधी तोडायचं, तो अपूर्णांक फार अचूक निघतो. १७ च्या आधी तोडलं की येतं २३५/१९. म्हणजे १९ वर्षांत २३५ महिने. १९ × १२ = २२८, उरले ७. एकोणीस वर्षांत सात अधिक मास. पण हा साखळीचा फेरा नव्हे. आकाशातलं हे प्रमाण कुणाचं वर्गमूळ नाही, त्यामुळे त्या कड्यांना पुनरावृत्ती नाही. आपण फक्त सोयीच्या जागी तोडलंय.

अनारसा

म्हणजे सात × दोन जावई = चौदा वेळा तळण. गणित कळलं.

वर्गमूळव्याध

धागा स्वयंपाकघरात गेलाच आहे तर एक कोडं. आमची बिल्डिंग जुनी, आठच ब्लॉक. माझा ६ नंबर. माझ्या आधीच्या ब्लॉकांची बेरीज १+२+३+४+५ = १५. माझ्यानंतर ७+८ = १५. पार्किंगच्या भांडणात हा मुद्दा मांडला की मी मधला, तटस्थ माणूस आहे. कुणी ऐकलं नाही.

निवृत्त_मास्तर

अहो व्याध, हे कोडं फार मोठ्या माणसाच्या हातून गेलंय! डिसेंबर १९१४ च्या स्ट्रँड मासिकात आलं होतं, घरं ५० ते ५०० च्या दरम्यान. केंब्रिजला महालनोबिसांनी ते रामानुजनना वाचून दाखवलं, रामानुजन चुलीवर भाजी परतत होते. त्यांनी तिथल्या तिथे एक साखळी सांगितली, ज्यात सगळीच उत्तरं होती. मासिकातलं उत्तर: २८८ घरं, घर क्रमांक २०४.

आता २८८ ची दुप्पट अधिक १ करा, ५७७. २०४ ची दुप्पट, ४०८. बौधायन! तुमच्या ८ ब्लॉक आणि ६ नंबरचं तेच करा, १७/१२ येतं. आणि ४९ ब्लॉकांची सोसायटी, ३५ नंबर घेतला तर ९९/७०, म्हणजे झेरॉक्सवाल्यांचा कागद.

झेरॉक्सवाला

दुकानाबाहेर पाटी लावू का? "आमच्याकडे रामानुजनच्या मापाचे कागद मिळतील."

शून्याधारित

+१. वाचनखूण साठवली.

कोपरीकर (बुधवार, रात्री १०.३०)

आता माझं. फेऱ्याची लांबी हा माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे, म्हणून फक्त मूळ संख्या घेऊन बसलो. ५, १३, १७, २९, ३७, ४१, ५३, ६१ यांचे फेरे विषम लांबीचे. ७, ११, १९, २३, ३१, ४३, ४७ यांचे सम. ४ ने भागून १ उरली तर विषम, ३ उरली तर सम. अजून एकही चुकार सापडली नाही.

त्याहून मजेदार म्हणजे सम फेऱ्यांना बरोबर मधे एकच कडी असते ना (ऐरोली_डाऊन यांची वाशी). ती बघा. √१९ मध्ये ३. √२३ मध्ये ३. √३१ मध्ये ५. √४३ म्हणजे ६; १, १, ३, १, ५, १, ३, १, १, १२, मधे ५. √४७ मध्ये ५. पहिला आकडा विषम असेल तर मधे तोच, सम असेल तर त्याच्या एक अलीकडचा. नेहमी विषमच! मी काही चुकतोय का?

निवृत्त_मास्तर

नाही. चहा घेऊन बसा, लांब लिहितो.

आधी विषम लांबी. √१३ चा द चा रकाना लिहा: १, ४, ३, ३, ४, १. आरसा बरोबर दोन ओळींच्या मधे पडतो, म्हणून ३, ३ असे दोन सारखे द शेजारी येतात. पण आपला नियम काय? शेजारच्या दोन द चा गुणाकार = संख्या − म². तिथला म आहे २. म्हणजे १३ − ४ = ३ × ३. म्हणजेच १३ = २² + ३². साखळीने संख्या दोन वर्गांत फोडून हातात दिली! ६१ ला हेच करा, मधे म ६ आणि द ५, ५. ६१ = ३६ + २५. ४ ने भागून ३ उरणारी संख्या दोन वर्गांची बेरीज कधीच होत नाही (वर्गाला ४ ने भागलं की ० नाहीतर १ उरतो, करून बघा). म्हणून तिची लांबी विषम असूच शकत नाही. उलट बाजू, म्हणजे १ उरणाऱ्या मूळ संख्येची लांबी विषमच असते, ही सिद्धता लजांद्रची.

आता मधली कडी. फेरा सम असेल तर आरसा एका ओळीवर पडतो, म्हणून तिथे म दोनदा येतो. वर √१९ च्या तक्त्यात बघा, म ३, म ३. नवा म = द × कडी − म, म्हणून द × कडी = २म. शिवाय द ने (संख्या − म²) ला भाग जातो. दोन्ही एकत्र केलं की द ने संख्येच्या चौपटीला भाग जातो. संख्या मूळ आहे आणि द तिच्याहून लहान, तेव्हा द फक्त १, २ किंवा ४. १ तर फेऱ्याच्या टोकालाच येतो. ४ असेल तर म सम होईल, मग संख्या − म² ला ४ ने भाग जायला संख्याही सम लागेल, ते नाही. उरला २. म्हणून मधली कडी = म. आणि २ ने भाग जायचा तर म विषमच हवा. आता कडी काढायचा नियम लावा: (पहिला आकडा + म) चं अर्धं म एवढंच यायचं तर म हा पहिला आकडा किंवा त्याच्या एक अलीकडचा, दोनच शक्यता. त्यातला विषम कुठला, तो ठरलेला.

तीस वर्षं शाळेत शिकवलं, हे निरीक्षण वहीत करून आणणारा एक मुलगा भेटला नाही. तुम्ही भेटलात तो आता.

बारावी_ड

सर, पण दोन वर्गांची बेरीज असली म्हणजे लांबी विषमच, असं नाही ना? ३४ = २५ + ९, आणि √३४ ला चार कड्या.

नेरूळ_पूर्व

अगदी बरोबर पकडलंस. मूळ नसलेल्या संख्यांत गाडी इथेच अडते. ज्यांना ४क+३ जातीचा एकही मूळ अवयव नाही, त्यांपैकी किती जणींची लांबी विषम? (वर्गाने भाग जाणाऱ्या सोडून.) स्टीव्हनहागेनने १९९३ मध्ये अंदाज मांडला की पुढे पुढे जाताना हे प्रमाण साधारण ५८ टक्क्यांवर स्थिरावतं. २०२२ मध्ये कॉयमन्स आणि पगानो या दोघांनी ते सिद्ध केलं. म्हणजे सम की विषम, एवढ्याला इतकी वर्षं गेली. नेमकी लांबी फेरा न घालता सांगणारं सूत्र कुणाकडेच नाही. कोपरीकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

पिजनहोल_पीडित

थोडक्यात, गाडी वाशीहून परत फिरणार हे नक्की, वाशी किती लांब ते विचारू नये.

कोपरीकर (गुरुवार, सकाळी ८.४७)

गाडीतून लिहितोय. मास्तर, ठाण्याला पाटी कोरी होती तेव्हाच पानाच्या वर लिहून ठेवलं: १०३, मूळ, ४ ने भागून ३ उरतात, पहिला आकडा १०, म्हणून मधे ९. मग सुरुवात केली. १०, ६, १, २, १, १... आणि पुढच्या ओळीत म ९, द २, कडी ९. खाली पुन्हा म ९. पुढचं काढायचीही गरज नाही, मागचं उलटं लिहिलं की झालं: १, १, २, १, ६, २०.

शेजारच्या काकांनी विचारलं, "लॉटरी लागली का?"

तुर्भे मागे गेलं. सानपाड्याला उतरून परत येतो.

ऐरोली_डाऊन

वाशीपर्यंत जा आता, आरसा तिथे आहे.